बिनधातूची रिअ‍ॅक्शन

सर मोठे होते, यात वाद नाही. दोनशे बारा शोधनिबंध, डॉक्टर होऊन बाहेर पडलेले चव्वेचाळीस विद्यार्थी आणि पाठ्यपुस्तकात त्यांच्या नावाची एक रिअ‍ॅक्शन. मोठ्या माणसाचं नाव कुणी रस्त्याला देतं, कुणी पुलाला. सेंद्रिय रसायनात ते रिअ‍ॅक्शनला मिळतं आणि जास्त टिकतं, कारण तिच्यात खड्डे पडले तरी बघायला सहसा कुणी जात नाही.

कार्बनच्या दोन कड्या एकमेकींना जोडायच्या, एवढंच ते काम. सगळं जग त्यासाठी पॅलेडियम नावाचा धातू वापरायचं. सरांनी एकतीस वर्षांपूर्वी जाहीर केलं की धातूची गरजच नाही. पाणी, चिमूटभर क्षार आणि उष्णता पुरते. ‘धातूविना’ या एका शब्दावर पुढची सगळी इमारत चढली. प्राध्यापकपद, विभागप्रमुखपद, प्रत्येक परिषदेत पहिल्या रांगेतली खुर्ची. आता निवृत्तीला दोन महिने राहिले होते आणि नव्या सभागृहाला सरांचं नाव द्यायचं ठरलं होतं.

नेमकी तेव्हाच त्यांच्या एका विद्यार्थिनीला ती रिअ‍ॅक्शन जमेना.

तिला लॅबमध्ये सगळे ‘लख्ख’ म्हणायचे. तिचे वडील दातांच्या दवाखान्यात हत्यारं उकळून, पुसून, मांडून ठेवायचे. स्वच्छता तिच्या रक्तातच होती. काचेचं एकेक भांडं ती उजेडात धरून बघायची. रिअ‍ॅक्शन ढवळायला फ्लास्कमध्ये फिरतो तो औषधाच्या गोळीएवढा पांढरा मॅग्नेटसुद्धा ती तीव्र आम्लात रात्रभर भिजवायची. बाकीचे त्याला फडक्याने पुसून मोकळे व्हायचे.

तिच्या थिसिसचं तिसरं प्रकरण म्हणजे सरांच्या रिअ‍ॅक्शनने केलेले पंधरा पदार्थ. झाला होता एकही नाही. सत्तावीस वेळा लावली, सत्तावीस वेळा फ्लास्कमध्ये जे घातलं तेच परत निघालं. नोंदणीची सहा वर्षं नऊ आठवड्यांत संपत होती. तोवर थिसिस दिला नाही तर नोंदणी रद्द, म्हणजे सहा वर्षं पाण्यात.

सर तिच्यावर कधी ओरडले नाहीत. डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात तशा आवाजात म्हणाले, की हे शास्त्र हाताचं आहे, काहींना हात असतो, काहींना नसतो. याआधी दोघांना त्यांनी असंच सांगितलं होतं. ते दोघे मान खाली घालून गेले. एकाने पुढे औषधांचं दुकान टाकलं, दुसऱ्याचं काय झालं कुणाला माहीत नाही. ज्याच्या शब्दाला वजन असतं त्याने तो असा सहज टाकला की खाली कोण सापडलं ते त्याला दिसत नाही.

लख्खच्या शेजारी जावईबापू बसायचा. अकराला यायचा, चहा टेबलावर येईपर्यंत हलायचा नाही आणि धुण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, म्हणून ते नाव. त्याची रिअ‍ॅक्शन मात्र दर वेळी ऐंशी टक्के. लख्खने त्याचे क्षार वापरून पाहिले, त्याचं पाणी, त्याचा फ्लास्कसुद्धा, तोही धुऊनच घेतला. काही नाही.

अठ्ठाविसाव्या खेपेला तिचा मॅग्नेट हातातून सटकून सिंकच्या भोकात गेला. गडबडीत तिने जावईबापूचा उचलला, काळपट, ओरखडे पडलेला. तीन तासांत पदार्थ तयार. अठ्ठ्याहत्तर टक्के.

दुसरी असती तर नाचली असती. लख्ख स्टुलावर बसली आणि त्या मॅग्नेटकडे बघत राहिली. मग तिने तो आम्लात भिजवला, पुन्हा रिअ‍ॅक्शन लावली. शून्य. भिजवलेलं आम्ल तपासायला पाठवलं. चार दिवसांनी कागद आला: पॅलेडियम. अगदी किंचित, पण होतं. त्या लॅबमध्ये दुसऱ्या कामांसाठी सगळेच पॅलेडियम वापरायचे. त्याची काळी भुकटी मॅग्नेटच्या ओरखड्यांत जाऊन बसायची. घाणेरड्या मॅग्नेटवाल्यांना हात होता आणि धुणारीला नव्हता.

“शहाणी असशील तर गप्प बस,” जावईबापू म्हणाला. “माझे पाच मॅग्नेट घे, उरलेले चौदा पदार्थ कर, डिग्री घे आणि पळ. म्हाताऱ्याचा सत्कार होऊ दे.”

“आणि प्रकरणाच्या मथळ्यात काय लिहू? धातूविना?”

“सगळे तेच लिहितात.”

ती कागद घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेली. सरांनी तो दोनदा वाचला आणि तिच्या धुण्यातच काहीतरी चुकतंय असं म्हणाले. मग उठले आणि कपाटातून पांढरा कोट काढला. नऊ वर्षांत तो बाहेर आला नव्हता. पोटावरची दोन बटणं लागेनात, ती त्यांनी तशीच सोडली. सर स्वतः रिअ‍ॅक्शन लावतायत ही बातमी जिन्यावरून खाली-वर धावली आणि अर्धा विभाग दाराशी जमला. हात खरंच बघण्यासारखा होता. एक थेंब सांडला नाही. मॅग्नेट त्यांनी नव्या पाकिटातून काढला.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. क्षार जुना असेल म्हणाले. दुसऱ्या दिवशी नवा क्षार आणला. तिसऱ्या दिवशी दाराशी कुणी नव्हतं. लोकांनाही लाज असते. सरांनी फ्लास्क खाली ठेवला आणि लख्खला केबिनमध्ये बोलावलं.

त्यांनी तोडगा काढला होता. प्रकरणाला ‘पद्धतीच्या काही मर्यादा’ असं नाव द्यायचं, तपासणीचा कागद जोडायचा नाही, बाकी सगळं निवृत्तीनंतर बघू. ती तयार असेल तर सही उद्याच.

उद्या सही म्हणजे सुटका. घरी फोन करून वडिलांना सांगता आलं असतं. लख्खने टेबलाची कड घट्ट धरली.

“सर, ही मर्यादा नाही. त्यात धातू आहे.”

“मी सही केली नाही तर काय होईल, ठाऊक आहे ना तुला?”

“ठाऊक आहे. पण हे मी नाही लिहिणार.”

सर संध्याकाळी घरी गेले तेव्हा बायको भाजी निवडत होती. तीही रसायनशास्त्रातलीच, सरांच्याच वर्गातली, आणि एकेकाळी शेजारच्याच हूडवर, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटापाशी, काम केलेली. एका विभागात नवरा-बायको नकोत असा तेव्हा नियम होता आणि दोघांतलं कुणी बाहेर पडायचं हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही आला नाही. अठ्ठावीस वर्षं तिने शाळेत सातवी-आठवीच्या पोरांना आम्ल आणि अल्कली शिकवलं.

सरांनी तिला सगळं सांगितलं. ती हसायला लागली आणि बराच वेळ थांबेना.

“अरे, तू माझ्याच ट्रेमधले मॅग्नेट उचलायचास. मी दिवसभर त्याच मॅग्नेटनी पॅलेडियम ढवळायचे. तू पँटला पुसून टाकायचास फ्लास्कमध्ये.”

“मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“तुझा पेपर छापून आला तेव्हा मी बाळंतपणाच्या वॉर्डात होते. नंतर वाचला. शंका आली होती मला.” तिने देठं बाजूला सारली. “पण तू विचारलंस कधी? आणि बाहेरचं कुणी विचारेल अशा जागी मी होते कुठे?”

सर तिच्यासमोर बसले आणि भाजी निवडायला लागले.

“त्या मुलीचं काय करणार आहेस?” तिने विचारलं.

“तिला मार्ग दिला होता. ती नाही म्हणाली.”

“मग ती तुझ्यापेक्षा बरी केमिस्ट आहे. सही करून टाक.”

सकाळी लख्ख आली तेव्हा सर तिच्या टेबलाशी उभे होते. त्यांनी थिसिसचं सहीचं पान मागून घेतलं आणि उभ्या-उभ्याच सही केली. प्रकरणाचं नाव तिनेच ठरवायचं, तपासणीचा कागद जोडायचा, पहिल्या पानावर जोडायचा. मग त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला. मूळ निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र होतं: आमचा दावा चुकीचा होता, कारण पुढीलप्रमाणे. खाली तीन नावं. पहिलं तिचं, शेवटचं सरांचं. मधलं एका बाईचं.

“या कोण, सर? यांना ओळखत नाही मी.”

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

“माझ्या शेजारच्या हूडवर होत्या,” ते म्हणाले. “पॅलेडियम त्यांचं होतं.”