ओवाळणीत मागितलेला रोल

मित्रांनो, मी एक जुना रोलचा कॅमेरा आहे. तुम्ही मला पाहिलंय. शिरगावातल्या तुमच्या शाळेत छंद दिनाच्या कार्यक्रमात प्रमुख पाहुण्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि 'माझा पहिला कॅमेरा' या विषयावर लांबलचक भाषण ठोकलं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. त्या टाळ्यांचा मला अजून राग येतो. तुम्हाला खोटं सांगितलं गेलं, त्यात तुमची चूक नाही, हे मला कळतं. तरी येतो. म्हणून आज माझी गोष्ट मीच सांगतो.

ते पाहुणे म्हणजे महेशराव. अंबरनाथला जागांचे व्यवहार करतात. ते माझे मालक कधीच नव्हते. मला विकत घेतलं त्यांच्या धाकट्या बहिणीनं, चांगुणानं.

कुठल्याशा कारखान्यात माझे भाग जुळवले गेले आणि मी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या एका दुकानात काचेआड येऊन बसलो. चांगुणा अंबरनाथच्या मोरिवलीची. एमआयडीसीतल्या कंपनीत पाकिटं भरायची. पहिला बोनस हातरुमालात बांधून ती थेट माझ्यासमोर उभी राहिली. दुकानदार सिंधी काका म्हणाले, "दीदी, एक बात याद रखना. रोल पूरा होने से पहले पीछे का ढक्कन मत खोलना. रोशनी लगी तो सब फोटो खतम." चांगुणानं मान डोलावली आणि ते कायमचं लक्षात ठेवलं.

ते माझे मानाचे दिवस होते. बारसं असो, साखरपुडा असो, आधी मला निरोप यायचा. अख्खी मोरिवली केसांना तेल चोपडून माझ्यासमोर ताठ उभी राहायची. शिवमंदिराच्या जत्रेत तर चांगुणाला पाणी प्यायला उसंत मिळत नसे. महेशराव तेव्हा हसायचे. "पोरीच्या जातीला हे धंदे कशाला?" म्हणायचे. मला त्यांनी एकदाही हातात धरलं नाही.

एकच बाई माझ्यासमोर यायला तयार नव्हती, ती म्हणजे या दोघांची आई, बनूबाई. "तुझ्या त्या मेल्या डब्यात मला नको कोंबू," म्हणायची आणि पदर तोंडावर ओढून आत जायची. पण एका दुपारी ती अंगणात वाल निवडत बसली होती. एक कोंबडी सुपात चढली, बनूबाई खदखदून हसली, आणि चांगुणानं बटण दाबलं. ते हसू माझ्या पोटात आलं. घरात बनूबाईचा दुसरा फोटो नव्हता.

त्या काळी रोल संपल्याशिवाय कोणी धुवायला देत नसे. थोडे फोटो उरले होते, ते चांगुणानं महाशिवरात्रीच्या जत्रेसाठी राखून ठेवले. जत्रेच्या आधीच बनूबाई तापानं गेली. मग वर्षाच्या आत लग्न उरकायचं म्हणून घाईघाईनं चांगुणाला उल्हासनगरला दिलं. निघताना ती मला घ्यायला आली, तर महेशरावांनी मला कपाटात टाकून कुलूप लावलेलं. "घरातली वस्तू घरात राहील," म्हणाले. मी घरातली वस्तू? मी तिच्या घामाची वस्तू होतो!

सव्वीस वर्षं मी डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून राहिलो. दर भाऊबीजेला बाहेरून तिचा आवाज यायचा. "दादा, साडी नको. कॅमेरा पण ठेव तुला. ओवाळणीत आतला रोल तेवढा घाल. आईचं तोंड बघायचंय मला." आणि दर भाऊबीजेला दादा ताटात साडीच टाकायचे.

मग मोरिवलीच्या जमिनीला भाव आला. महेशरावांना हक्कसोड हवं झालं, म्हणजे वडिलांच्या जमिनीवरचा आपला हक्क बहिणीनं सोडल्याचा कागद. चांगुणा सही करत नव्हती. तेव्हा त्यांना माझी आठवण झाली. "सही कर आणि रोल घेऊन जा," असा सौदा त्यांनी मांडला. आईचा फोटो गहाण ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. चांगुणानं बरेच दिवस विचार केला आणि हो म्हणाली.

कपाटातून बाहेर काढलंच आहे, तर मिरवूनही घ्यावं म्हणून महेशरावांनी मला तुमच्या शाळेत आणलं. तुमच्यातल्या एका मुलीनं विचारलं, "काका, आत काय असतं?" आणि त्यांनी खटकन माझं झाकण उघडलं. भर दुपारच्या उन्हात, व्हरांड्यातून, मला उघडंच धरून त्यांनी रांगारांगांतून फिरवलं. "ही बघा, आमच्या टायमाची फिल्म!" मी ओरडू शकलो नाही. तुम्ही टाळ्या वाजवत होतात आणि माझ्या पोटातली बनूबाई पुसली जात होती.

दुसऱ्या दिवशी महेशरावांच्या ऑफिसात कागद तयार होता. चांगुणा आली, पेन हातात घेतलं.

"दादा, आधी कॅमेरा दे."

"घे ना, कोण नको बोलतंय? फक्त सही टाक पटकन, माणसं थांबलीत."

तिनं मला दोन्ही हातांनी उचललं. तिचे हात आता खरखरीत झालेत. माझ्या डोक्यावर एक बारीक खिडकी आहे. किती फोटो झाले, तो आकडा तिथे दिसतो. झाकण उघडलं की तो आपोआप शून्यावर येतो. चांगुणानं खिडकीत पाहिलं. तिथे शून्य होतं.

"एकतीसवर होता. दादा, हा उघडला कोणी?"

"अगं, शाळेतल्या पोरांना दाखवला जरा. एवढं काय त्यात? जुनाट तर आहे."

ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिनं पेनाला टोपण लावलं आणि पेन त्यांच्यासमोर ठेवलं.

"चांगू, नाटकं नको करूस. तू कबूल केलेलंस."

"आईसाठी केलेलं. आईला तू संपवलंस." तिनं मला पिशवीत घातलं. "आता तुझ्याकडे माझी एकच वस्तू राहिली, दादा. जमीन. निम्मी. मोजणीवाल्याला कधी बोलावतोस?"

आणि चांगुणा दार ओलांडून निघाली.

मित्रांनो, आता मी तिच्या घरी आहे. माझ्यात दुसरा रोल घालू नका, मला काचेच्या कपाटात मांडू नका, माझं कौतुकही नको. एवढंच करा. कोणी मोठा माणूस एखादी जुनी वस्तू दाखवून म्हणाला, की मी ही किती जपली, तर टाळ्या वाजवण्याआधी विचारा, ही कोणाची होती? आणि तिनं परत मागितली होती का?