छातीच्या खाली

शनिवारचा रग्बीचा सामना हरून पेनगार्थ गावची मंडळी क्लबात आली, पण हरल्याचं कुणाला फारसं काही वाटत नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता, रग्बी युनियनचं पत्र. क्लबाचा अध्यक्ष डेल्विन प्रॉसर खुर्चीवर चढून ते मोठ्याने वाचत होता. गावोगावच्या क्लबांमध्ये यापुढे समोरच्याला टॅकल करायचं, म्हणजे धरून पाडायचं, ते छातीच्या खालीच. खांद्याला किंवा गळ्याला हात लागला की दंड. नियम अजून पक्का नाही, क्लबांनी आपापलं मत कळवावं.

“छातीच्या खाली!” म्हातारा बर्विन गुरगुरला. “मग विचारूनच धरा ना. माफ करा साहेब, जरा पाडू का आपल्याला?”

हशा पिकला. एलेरी तेवढी हसली नाही. ती गावच्या शाळेत शिकवायची आणि बायकांच्या संघातून खेळायची.

“हसा खुशाल,” ती म्हणाली. “गेल्या हंगामात आमच्या तिघींच्या डोक्याला मार बसला. एकीला अजून दिव्याकडे बघवत नाही.”

“आणि वाकून धरायला गेलं की धरणाऱ्याचंच डोकं गुडघ्यावर आपटतं, त्याचं काय?” डेल्विनने विचारलं. “एकाला वाचवायचं आणि दुसऱ्याला मारायचं, हा कुठला न्याय?”

“म्हणून तर नीट शिकवायला हवं.”

“अगं, शिकवायचंय काय त्यात? तो बघ!” डेल्विनने गल्ल्यामागच्या भिंतीकडे बोट केलं.

तिथे छत्तीस वर्षांपूर्वीचा एक फोटो होता. शेजारच्या ट्रेवॉग गावचा दहा नंबरचा खेळाडू इद्वाल ट्रहर्न हवेत आडवा झालेला, आणि त्याच्या छातीत, जबड्याच्या जरा खाली, डावा खांदा रुतवलेला तरुण मेरिग बेनन. शेवटच्या मिनिटाला मेरिगने त्याला असा अडवला आणि पेनगार्थने सामना जिंकला. त्या टॅकलवर मेरिगला आजतागायत फुकट बिअर मिळत होती.

“मेरिग, उद्याचा सोडून पुढच्या रविवारी सभा आहे,” डेल्विन म्हणाला. “आपल्या बाजूने तू बोलायचंस. जास्त काही नको. फोटो दाखव आणि विचार, हे बंद करायचं का म्हणून.”

मेरिगने होकारार्थी मान हलवली. पेला अर्धाच ठेवून तो घरी निघाला. चौसष्ट वर्षांचा, बसचालक म्हणून निवृत्त झालेला हा गडी पेला कधी अर्धा ठेवत नसे, पण गडबडीत ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

घरी त्याला एका जागी बसवेना. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून मागच्या दारात, परत स्वयंपाकघरात. रविवार गेला, सोमवार गेला. मंगळवारी त्याची बायको नेस्टा वैतागली.

“काय लावलंयस हे? बस तरी, नाहीतर बाहेर तरी जा. जमीन झिजली माझी.”

तेव्हा कुठे तो बोलला. महिन्यापूर्वी बाजारात त्याला इद्वालची बायको टेगवेन भेटली होती. इद्वालची स्मृती चालली आहे, असं तिने बटाटे निवडता निवडता सांगितलं होतं. डॉक्टर म्हणतात, खेळात डोक्याला बसलेल्या मारामुळे असेल, नसेलही.

“आणि महिनाभर हे पोटात ठेवून हिंडतोयस?” नेस्टा म्हणाली. “मला नाही सांगितलंस!”

“काय सांगायचं? मीच केलं म्हणून?”

“ते तुला ठाऊक नाही आणि मलाही नाही. इथे फेऱ्या मारून कळणारही नाही. जाऊन ये त्याच्याकडे.”

बुधवारी तो ट्रेवॉगच्या बसमध्ये बसला. हाच रस्ता त्याने वीस वर्षं स्वतः गाडी हाकत तुडवला होता, तरी एक थांबा चुकला आणि मागे चालत यावं लागलं. दारातून दोनदा परत फिरला. तिसऱ्यांदा टेगवेननेच खिडकीतून पाहिलं आणि दार उघडलं.

इद्वाल खुर्चीत बसला होता. मेरिगला पाहताच त्याचे डोळे चमकले.

“अरे, हा तर डावा खांदा!” तो ओरडला. “ये, ये लेका! चहा घेतलास?”

टेगवेनने चहा आणला, तव्यावरचे मनुका घातलेले केक आणले. इद्वालला तो सामना मिनिटामिनिटाने आठवत होता. वारा कुठल्या दिशेने होता, चेंडू किती ओला होता, पंचाला सर्दी झाली होती, सगळं.

मेरिगने बराच वेळ धीर गोळा केला. “इद्वाल, तेव्हा मी तुला... जरा वरच धरलं का रे?”

“वर? बरोबर धरलंस! मी डावीकडे हूल दिली, अख्खा संघ फसला, तू नाही फसलास. तशी टॅकल मी जन्मात पाहिली नाही.” त्याने मेरिगच्या हातातल्या कपाकडे पाहिलं. “चहा घेतलास का?”

मेरिगने नव्या नियमाचं सांगितलं, तसा इद्वाल ताडकन उठला.

“मूर्खपणा! मग नाचाचे वर्ग काढा म्हणावं! आणि हे बघ, माझ्या नावाने कुणी गळा काढला ना, तर गाठ माझ्याशी आहे.”

छत्तीस वर्षांनी माफी मागायला आलेल्या माणसाला ती न मागताच मिळाली, आणि तरी मेरिगचा जीव थाऱ्यावर येईना. निघताना टेगवेन फाटकापर्यंत आली.

“त्याचं ऐकलंस. आता माझं ऐक,” ती हळू आवाजात म्हणाली. “तुझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. पंधरा वर्षं खेळला तो, शंभर जणांनी आपटला असेल. पण त्याचं मत घेऊन सभेत जाऊ नकोस. त्याला तो सामना आठवतो. काल संध्याकाळी घर सोडून नदीकडे गेला होता, ते नाही आठवत. मला आठवतं.”

पुढचे तीन दिवस मेरिगने काय केलं म्हणाल तर काहीच नाही. शुक्रवारी डेल्विनला फोन लावला आणि त्याचा आवाज येताच ठेवून दिला. कुंपण रंगवायला काढलं आणि अर्ध्यात सोडलं.

रविवारी दुपारी जेवणं उरकून सगळा गाव क्लबात लोटला. डेल्विनने फोटो भिंतीवरून काढून टेबलावर उभा केला होता. मेरिग उठला तेव्हा टाळ्या पडल्या.

“मी नियम मोडला नव्हता,” त्याने सुरुवात केली. “पंचाने शिट्टी वाजवली नाही, बरोबरच केलं. मला त्या टॅकलचा अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू. पण बुधवारी मी इद्वालकडे गेलो होतो.”

“काय म्हणाला तो?” बर्विनने मागून विचारलं.

खोटं बोलायला जागा होती. मेरिगने खरं तेच सांगितलं.

“म्हणाला, हा नियम म्हणजे मूर्खपणा आहे.”

सभेत एकच जल्लोष झाला. कुणी टेबलं बडवली. “झालं तर मग!” डेल्विन म्हणाला. “आणखी काय हवं?”

“थांबा जरा,” मेरिगने हात वर केला. “तासाभरात त्याने मला पाचदा विचारलं, चहा घेतलास का. कप माझ्या हातात होता. बायको त्याला नदीवरून शोधून आणते. ते माझ्यामुळे झालं का, मला माहीत नाही. डॉक्टरांना माहीत नाही. कुणालाच कधी कळणार नाही. हे असं न कळता राहणं मी महिनाभर भोगतोय, आणि इथल्या कुठल्या पोरावर ते यावं असं मला वाटत नाही. माझं मत नियमाच्या बाजूने.”

तो बसला. कुणी टाळी वाजवली नाही. मग मतदानासाठी हात वर झाले. नियमाच्या विरोधात एकेचाळीस, बाजूने तेवीस. डेल्विनने आकडा लिहून घेतला आणि जाता जाता म्हणाला, “भर सभेत तोंडघशी पाडलंस मला, मेरिग.” पुढे कितीतरी दिवस तो मेरिगशी बोलला नाही.

बाहेर एलेरीने त्याला गाठलं. “गुडघ्याचं डेल्विन म्हणतो ते खोटं नाही हो,” ती म्हणाली. “खाली धरायचं तर डोकं कुठे ठेवायचं, हे आमच्या पोरींना कुणी शिकवलंच नाही. मंगळवारी सरावाला याल?”

“मी? अगं, मी जन्मात खाली धरलं नाही.”

“मग आधी तुम्ही शिका आणि मग शिकवा.”

मंगळवारी संध्याकाळी मैदानावर चिखल होता. मेरिग गुडघे टेकून एकेकीला दाखवत होता: पाठ सरळ, नजर वर, डोकं नेहमी बाजूला. दहा वेळा नीट झालं. अकराव्या वेळी माली नावाची मुलगी घाईत वाकली आणि धावत येणारीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. माली लगेच उठली, हसत चिखल झटकला आणि परत रांगेकडे निघाली.

“तू बाहेर बस,” मेरिग म्हणाला.

“काही नाही झालं, काका. खरंच!”

“बस म्हणतो ना.”

त्याने तिच्या खांद्यावर आपला कोट टाकला, तिच्या बापाला फोन करून ताबडतोब यायला सांगितलं, आणि डॉक्टरला दाखवल्याशिवाय झोपू देऊ नका, असं दोनदा बजावलं. माली कुरकुरत बाकावर बसली. रांगेतल्या मुली आता आपल्याला घरी पाठवतात की काय, अशा नजरेने त्याच्याकडे बघत होत्या. मेरिगने एकदा मालीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि पुन्हा चिखलात गुडघे टेकले.

“परत एकदा,” तो म्हणाला. “पण सावकाश. अगदी चालत.”