माया सोडून शिवलेली शिडी

मी एक शिडी बोलतेय. पण माझ्यावर पाय ठेवायला जाऊ नका, मी कापडाची आहे. जव्हारकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत, फळ्याशेजारच्या खिळ्याला लटकते. वारा आला की हलते. वारा नसला तरी जिवाला स्वस्थता अशी नाहीच.

माझा जन्म खोडाळ्याच्या बाजारात, तुळशीदास टेलरच्या मशिनीवर झाला. आमच्या शाळेतल्या शिक्षिका पुष्पलताबाई जुना खाकी पडदा घेऊन आल्या होत्या. वहीच्या पानावर माझं चित्र होतं: खालून वर बारा कप्पे.

"माया किती सोडू, बाई?" तुळशीदासनं विचारलं. शिवणीच्या आत जास्तीचं कापड राखतात ना, त्याला शिंपी माया म्हणतात. पुढेमागे उसवून वाढवायला ती कामी येते.

"भरपूर सोडा, भाऊ. अजून माझंच नक्की नाही."

ते ऐकलं आणि धडकीच भरली. जिनं मला घडवलं तिचंच नक्की नाही, तर माझं कसं व्हायचं?

माझ्या प्रत्येक कप्प्यावर गणितातलं एक काम लिहिलंय आणि आत मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या आहेत. उत्तर बरोबर आलं एवढ्यानं भागत नाही. ते काम दुसऱ्या पोराला समजावून देता आलं, की आपली चिठ्ठी आपल्या हातानं वर सरकवायची. कुणाला दोन दिवस लागोत, कुणाला दोन महिने. पुस्तकातला धडा संपला म्हणून कुणी वर जात नाही.

शाळेतले दुसरे शिक्षक हरेश गुरुजी. त्यांना पुस्तक वेळेत संपवायची सवय. मला पाहून म्हणाले, "बाई, ही शिडी आहे का वाळत घातलेली गोधडी?" पोरं खो खो हसली. मीही हसले असते, पण माझा जीव चंदाच्या चिठ्ठीत अडकला होता.

चंदा चौथीतली. सहाव्या कप्प्यात, हातच्याच्या बेरजेत, ती पोळ्यापासून अडकली होती. चिठ्ठी हाताळून हाताळून तिचे कोपरे मऊ पडले होते. वर्गातला पंढरी ओरडायचा, "चंदा सहावीत गेली रं!" आधी चंदाही हसायची. मग हसेना. मग आठवड्यातले दोन दिवस बकऱ्यांमागे जाऊ लागली.

एक दिवस तिची आई, काळी, वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. "बाय, दिवाळी झाली का आमी वीटभट्टीवर जाऊ. औंदा चंदाला पन नेतू."

"तिला आजीकडे ठेवा ना. शाळा बुडेल."

"शाळेत तरी काय करं ती? एकाच खिशात बसलीय. तिला डोकाच नाय, बाय."

चंदा आईच्या मागेच उभी होती. तिनं खाली पाहिलं. दिवाळीला अठरा दिवस उरले होते. त्या दिवसापासून मी रोज एकेक दिवस मोजू लागले.

दुसऱ्या दिवशी चंदानं पाटीवर सत्तेचाळीस आणि छत्तीसची बेरीज केली. उत्तर लिहिलं, त्रेचाळीस.

"अगं, सत्तेचाळीसात छत्तीस घातले नि चार कमी झाले?" हरेश गुरुजी म्हणाले. "पिशवीला भोक आहे का तुझ्या?"

बाई हसल्या नाहीत. पाटी हातात धरून बघतच राहिल्या. "ही रोज असंच चुकते, गुरुजी. धांदलीनं चुकणारं पोर रोज वेगळं चुकतं." शाळा सुटल्यावर त्यांनी मला गुंडाळून पिशवीत घातलं आणि चंदाचं घर गाठलं.

अंगणात चंदाची आजी गोजाबाई भाताच्या पेंढ्या बांधत होती. "दोन भारं नि सात," ती चंदाला म्हणाली.

बाई थबकल्या. "आजी, एका भाऱ्यात किती पेंढ्या?"

"एक वीस. आनि किती असतील?"

बाईंनी मला अंगणात पसरलं. "चंदा, सकाळची बेरीज पेंढ्यांनी कर."

चंदानं सत्तेचाळीस मांडले: दोन भारे, सात सुट्या. छत्तीस मांडले: एक भारा, सोळा सुट्या. सुट्या झाल्या तेवीस. त्यातल्या विसांचा तिनं आणखी एक भारा बांधला. "ह्यो हातचा. चार भारं नि तीन. मंग चारावर तीन लिवलं."

बाईंनी भारे मोजले. चार वीस आणि तीन, म्हणजे त्र्याऐंशी. उत्तर बरोबर होतं, फक्त भारा विसाचा होता.

"मी वर्गात दहा-दहाचे गठ्ठे बांधायला सांगते ना?"

"दहाचा भारा?" चंदा म्हणाली. "येवढासा भारा कोन बांधं, बाय? बकरी पन हसल."

काळी पुढे आली. "म्हंजे पोर चुकली नाय?"

"नाही. माझ्या शिडीत एक पायरी कमी होती."

ते ऐकून मला अंग चोरावंसं वाटलं. इतके दिवस मी मनातून चंदालाच बोल लावत होते.

तुळशीदासनं मला उसवलं. कात्रीची टोकं टोचली, पण आतली माया मोकळी झाली. पाच आणि सहाच्या मधे नवा कप्पा बसला: 'भारा सोडा, दहा-दहा बांधा.'

चंदानं काड्यांचे भारे सोडले, बांधले, पुन्हा सोडले. आठ दिवसांनी तिचे त्र्याऐंशी पाटीवर आले. आता समजावून द्यायला एक पोर हवं होतं. पंढरी नुकताच हातच्याच्या कप्प्यात आला होता. चंदानं बोट दाखवलं. "ये रं पंढ्या, सहावीत बस."

समजावून झाल्यावर तिनं मऊ पडलेली चिठ्ठी वरच्या कप्प्यात सरकवली. दारात काळी उभी होती. कधी आली, कुणालाच कळलं नव्हतं.

दिवाळी झाली, भट्टीचा टेम्पो आला. निघताना काळी शाळेत डोकावली. तिला वाचता येत नाही. "कोनत्या खिशात हाय आमची?" तिनं विचारलं. चंदानं दाखवला. काळीनं त्या कप्प्यावर तळवा ठेवला. "मी येन तवा हितं दिसू नको. वर दिस." मग ती एकटीच टेम्पोत चढली. चंदा गोजाबाईकडे राहिली.

हल्ली मला बघायला लोक येतात. जव्हारहून आलेले एक साहेब म्हणाले, हिला प्लास्टिकवर छापून सगळ्या शाळांना देऊ. हरेश गुरुजीसुद्धा आपल्या वर्गासाठी एक गोधडी मागतायत. आनंद आहेच. पण त्या दिवसापासून पुन्हा जीव थाऱ्यावर नाही. अजून तीन चिठ्ठ्या नवव्या कप्प्यात अडकल्यात. तिथं माझं काय चुकलंय, बाईंना अजून सापडलेलं नाही.

म्हणून एवढंच मागते. छापायची तर छापा मला. पण कुणी पोर अडलं, तर आधी मला उसवून बघा. आणि तेवढी माया सोडून ठेवा.