काचेतली लेक

मावशींच्या खिडकीपाशी गल्ली लोटली होती. टाचा उंचावून, एकमेकांच्या खांद्यावर हनुवट्या टेकून माणसं एक बाटली बघत होती. आत जेलीवर बोटभर रोप, अन् त्याच्या पायाशी रक्तासारखा लाल डाग.

"चारच दिवस माझं मंतरलेलं पाणी पाजलं, आणि लेक परत आली," गल्लीतले मांत्रिक बाबा म्हणाले. आवाजाला तूप लावलेलं. "रक्त ओळख देतंय, रक्त. अजून चार दिवस पाज. बोलेल ती."

मावशींची लेक माझ्या शेजारच्या टेबलावर काम करायची. आमच्या प्रयोगशाळेत इवल्या तुकड्यांपासून बाटलीत रोपं वाढवतात. जंतू शिरू नयेत म्हणून चिमटा ज्योतीत धरायचा, श्वासही बाजूला सोडायचा. ती तापाने गेली, तेव्हा तिच्या हातची शेवटची बाटली मीच मावशींना दिली. झाकण उघडू नका, एवढंच सांगितलं. का, ते सांगितलं नाही.

"मावशी, हे रक्त नाही. पाण्यातले जंतू आहेत. जेलीत साखर असते, तिच्यावर माजतात. बाटली आजच द्या, शेंडा कापून वाचतो का बघते."

मावशींनी बाटली छातीशी धरली. "पाणी पाणी करत गेली गं ती. आता मागतेय, तर नको म्हणू?"

मग मी बाबांच्या तांब्यातलं पाणी मागितलं. ते आढेवेढे घेऊ लागले.

"द्या की," दूधवाला म्हणाला. "मंत्र काय सांडतोय?"

अर्धं पाणी मी सगळ्यांसमोर खळाखळा उकळलं. प्रयोगशाळेतून जेली भरलेल्या दोन नव्या बाटल्या आणल्या. ज्योतीजवळ एकीत कच्चा थेंब सोडला, दुसरीत उकळून निवलेला. दोन्ही खिडकीत ठेवल्या.

चौथ्या दिवशी पहिली लाल झाली. दुसरी नितळ.

"मंत्र तर दोन्हींत होता, बाबा."

"लेक एकच. एकाच बाटलीत येणार."

"ती मावशींच्या हातात आहे ना," दूधवाला म्हणाला. "मग ही लाल कोणाची पोर?"

बाबांनी तांब्या उचलला. घाईत चपला विसरले.

हसू ओसरलं, तेव्हा मावशी हातातल्या बाटलीकडे बघत होत्या. रोप काळं पडून आडवं झालं होतं.

"म्हणजे मीच पाजलं तिला."

"मी कारण सांगायला हवं होतं," मी म्हटलं.

आता कधीमधी मावशी प्रयोगशाळेत येतात. कोपरापर्यंत हात धुतात, लेकीच्या रिकाम्या स्टुलावर बसतात, आणि कुठल्याच बाटलीला हात न लावता गुणगुणतात:

काचेच्या घरात, हिरवं गं बाळ
झाकणाशी काळ, थांबवते

माया करावी, पण थेंबात काय आहे ते आधी विचारावं. आणि ज्याला ठाऊक आहे, त्याने कारण सांगावं. कारणाची जागा रिकामी राहिली, की तिथे बाबा येऊन बसतो.