गाडीच्या आवाजाची परीक्षा

जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका इमारतीच्या पोटात चला. वर माणसं राहतात आणि खाली खांबांच्या मधे गाड्या उभ्या असतात. सिमेंटची जमीन, तिच्यावर तेलाचे डाग, भिंतीला टेकवलेल्या सायकली. गेटकडे जाताना जमीन थोडी चढत जाते. दिसलं?

आता त्या खांबांमधे एक मोटरसायकल उभी करा. उंच नको, लांब आणि बुटकी. सीट इतकी खाली की बसणारा आरामखुर्चीत रेलल्यासारखा बसेल, पाय पुढे पसरलेले, हात रुंद हँडलवर. अशा गाडीला क्रूझर म्हणतात. घाईत असलेल्या माणसासाठी ती नसतेच.

चालू करा बरं. कसा आवाज आला?

‘भुर्रर्र’ म्हणाला असाल तर तुमच्या मनात स्कूटर होती. क्रूझर म्हणते, धब्... धब्... धब्. आत पेट्रोल पेटतं, छोटासा स्फोट होतो, त्याचा तो ठोका. मोठं इंजिन सावकाश फिरतं, म्हणून ठोके सुटे सुटे पडतात, एखादा भला मोठा प्राणी निवांत श्वास घेत असावा तसे. हा आवाज कानाआधी छातीत कळतो. अशी गाडी घेणारे पुष्कळ लोक खरं तर हा आवाजच घरी आणतात, गाडी त्याच्याबरोबर येते.

आपल्या गोष्टीतल्या मामाने तसंच केलं होतं.

मामा त्याच्या ताईकडे राहायचा, मागच्या खोलीत. ताईच्या मुलीला सगळे टिटवी म्हणत, कारण तिला काहीही हळू बोलता यायचं नाही. मामा दवाखान्यात लोकांचे कान तपासायचा. तिथल्या त्याच्या खोलीच्या भिंतींना स्पंज लावलेला होता आणि दार लावलं की स्वतःचा श्वासही मोठा वाटायचा. समोरच्या माणसाच्या कानावर यंत्र चढवायचं, बारीक बारीक आवाज सोडायचे, आणि सांगायचं, “ऐकू आलं की हात वर करा.” एवढंच काम, पण दिवसभर.

ही गाडी त्याने जुनी घेतली होती. आधीच्या मालकाने तिचा सायलेन्सर उघडून घेतला होता. म्हणजे काय, ते सांगतो. रिकाम्या खोलीत टाळी वाजवून बघा, आणि मग गाद्या-उशा भरलेल्या खोलीत. दुसऱ्या खोलीत टाळी मवाळ होते, हो ना? सायलेन्सरच्या आत तशीच सोय असते. भोकं पाडलेली एक नळी, तिच्याभोवती लोकरीसारखा न जळणारा कापूस, मधे पडदे. आवाज त्यातून आपटत, वळत, दमत बाहेर येतो. मालकाने ते सगळं काढून टाकलं होतं. त्यामुळे आवाज जो निघे, तो न दमलेला निघे.

“अरे, माझ्या खिडकीच्या काचा थडथडतात,” ताई म्हणायची.

“ताई, दिवसभर मी सुईच्या टोकाएवढे आवाज सांभाळतो. संध्याकाळी तरी मोठा ऐकू दे.”

“ऐक बाबा. स्वतःचं तोंड धुवायला आळस, पण गाडीची टाकी बघ कशी चकाकतेय.”

सकाळी मामा टिटवीला शाळेत सोडून पुढे कामाला जायचा. तेवढा वेळ दोघांचाच. ती मागे बसून त्याच्या पाठीला गाल लावायची. पाठीतून ठोके यायचे आणि त्यांत मामाचं गुणगुणणंही मिसळायचं. घरी मामा फारसा बोलत नसे. गाडीवर मात्र गाणी म्हणे, कोडी घाले, रस्त्यातल्या कुत्र्यांना नावं देई. टिटवीला गाडी आवडायची ती यासाठी.

एक दिवस जिन्यात मामाला सिस्टर भेटली. तळमजल्यावर राहायची, गाड्या उभ्या असत त्याच्या अगदी शेजारी. ती मोठ्या इस्पितळात रात्रपाळी करायची आणि सकाळी घरी येऊन झोपायची. इमारतीतले सगळे तिला सिस्टर म्हणत, टिटवी मात्र मावशी म्हणे.

“भाऊ, रागावू नका,” सिस्टर म्हणाली. “मी आले, आंघोळ केली, जरा पाठ टेकली, की तुमची गाडी सुरू होते. मग डोळा लागतच नाही हो. काल सलाईन लावताना मला शीरच सापडेना.”

मामा पार शरमला. भांडायला आली असती तर त्याला उत्तर देता आलं असतं. तिचे डोळे आत गेलेले होते आणि आवाजात राग नव्हता.

तो तडक मेकॅनिककडे गेला. मेकॅनिकला सगळे पान्या म्हणत, कारण त्याच्या मागच्या खिशात कायम एक पाना असायचा आणि बसताना तो त्याला कायम टोचायचा. पान्याने आतली पूर्ण नळी बसवून दिली. गाडी मऊ झाली. पण दोन दिवसांतच मामाचं तोंड उतरलं.

“छान चालतेय की,” पान्या म्हणाला.

“चालतेय रे. पण मिक्सर चालवल्यासारखं वाटतंय. वाटतं, आता चटणी निघेल.”

“मग अर्धी नळी घाल. लांबीला निम्मी, कापूसही निम्मा. ठोका राहील, गडगडाट जाईल. रस्त्यावर कोणी हरकत घेणार नाही.”

“आणि सिस्टर?”

“ते तिलाच विचार.”

“विचारलं तर चालेल म्हणेल ती. भिडस्त आहे.” मामाने थोडा विचार केला. “विचारायचं नाही, तपासायचं. तिला अर्धी नळी ऐकू आली, तर गाडी विकली. संपला विषय.”

टिटवी तिथेच टायरवर बसली होती. विकली हा शब्द ऐकून ती टायरवरून उठून उभी राहिली.

रविवारी दुपारी परीक्षा ठरली. मामाने सगळं दवाखान्यातल्यासारखं मांडलं. सिस्टरने तिच्या खोलीत पलंगावर पडायचं, खिडकी लावून, डोळे मिटून. गाडीचा आवाज आला की हात वर करायचा. टिटवीने खिडकीच्या काचेपाशी बसायचं आणि मावशीचा हात वर गेला की लाल फडकं काचेला लावायचं, म्हणजे बाहेर मामाला दिसेल. मामा आणि पान्या खांबापाशी, नळ्या, पाने आणि कापूस घेऊन.

“भाऊ, एवढा घोळ कशाला?” सिस्टरला हसू आवरेना.

“सिस्टर, तुम्ही फक्त हात वर करा. बाकी आमच्यावर सोडा.”

“ऑपरेशनलाही एवढी माणसं नसतात हो!”

पहिल्यांदा रिकामा पाइप. टेबलावरचा पेला थडथडला, सिस्टरचा हात ताडकन वर गेला आणि टिटवीने फडकं लावलं. ते सोपं होतं.

मग बराच वेळ बाहेर खुडबुड चालली. अर्धी नळी बसत होती. टिटवी श्वास रोखून बसली. आणि मग, लांबून कुणी उशीवर मूठ आपटावी तसा, धब्... धब्...

सिस्टरचा हात वर गेला.

टिटवीने फडक्याकडे पाहिलं. ते तिच्या मांडीवर होतं. मावशीचे डोळे मिटलेले होते. मामा बाहेर होता. कुणालाच काही कळणार नव्हतं. तिने फडकं मांडीवरच राहू दिलं.

बाहेरून पान्याची शीळ ऐकू आली, आनंदाची. मग मामाचा आवाज, “थांब, थांब. खात्री करू. परत एकदा.”

टिटवीने मावशीकडे पाहिलं. आता पाहिलं ते नीट. मावशीच्या एका हाताची मूठ पांघरुणाच्या काठाशी घट्ट आवळलेली होती. कपाळावर आठी. खांदे वर ओढलेले, जणू कुणी पाठीत चापट मारणार आहे. झोपलेलं माणूस असं नसतं. ही मावशी रोज सकाळी अशीच पडून असते की काय, असं टिटवीच्या मनात आलं आणि तिला कसंसंच झालं.

थोड्या वेळाने मावशीचा हात पुन्हा वर गेला. टिटवीला स्वतःला काहीच ऐकू आलं नव्हतं. पण ठरलं होतं ते मावशीच्या हाताचं, टिटवीच्या कानाचं नाही. तिने फडकं उचललं आणि काचेला लावलं. चांगलं दाबून.

बाहेर सगळं शांत. मग चपलांचा आवाज, आणि मामा दारात. मागे पान्या, हाताला काळं लागलेलं.

“सिस्टर, आत्ता तुम्हाला आवाज आला?”

“आला की. बारीक होता, पण आला.”

“गाडी चालूच नव्हती.”

सिस्टर उठून बसली. “अगंबाई! म्हणजे मला भास व्हायला लागले?”

“नाही, नाही,” मामा घाईघाईने म्हणाला. “माझ्याकडे रोज होतं असं. मी मधे मुद्दाम काहीच वाजवत नाही, आणि तरी लोक हात वर करतात. आवाजाची वाट बघणारा कान स्वतःच आवाज तयार करतो. त्यात वेड वगैरे काही नाही.”

“मग आधीचा?” पान्याने विचारलं. “अर्ध्या नळीचा? तेव्हा तर ऐकू आलं नाही ना?”

“आला होता,” टिटवी म्हणाली. तिचा आवाज इतका लहान कधीच झाला नव्हता. “मावशीने हात केला होता. मी फडकं नाही लावलं.”

पान्या आपल्या नखांकडे बघायला लागला.

“का गं?” मामाने विचारलं, आणि विचारतानाच त्याला उत्तर कळलं असावं. तो खुर्चीवर टेकला. “लबाडी केलीस ती चूक. सांगितलंस ते बरं केलंस. पण मग झालं तर. ठरल्याप्रमाणे विकू.”

“पोरीवर नका रागावू भाऊ,” सिस्टर म्हणाली. तिने टिटवीला जवळ ओढलं. “आणि मला आत्ता एक कळलं. तुम्ही पूर्ण नळी बसवली होती ना, ते दोन दिवस? तेव्हाही मी जागीच होते. आवाज नव्हताच तेवढा. पण मला ठाऊक असतं ना, आता भाऊ येणार, आता किल्ली फिरणार. तुम्ही निघून गेलात, तेव्हा कुठे डोळा लागला. नळी कुठलीही घाला, माझ्या भिंतीपाशी गाडी सुरू होते तोवर मी जागीच.”

“म्हणजे इथे सुरू झालीच नाही तर?” टिटवीने विचारलं.

“नाही झाली तर झोपेन की.”

पान्याने डोकं खाजवलं, त्यामुळे कपाळालाही काळं लागलं. “कोपऱ्यापर्यंत ढकलत न्यायची. तिथे बसगाड्यांचा गलका असतोच. त्यात अर्ध्या नळीला कोण विचारतंय?”

“तू ढकल,” मामा म्हणाला. “म्हशीएवढं धूड आहे ते. सपाटीवर ठीक आहे. गेटपाशी चढ आहे बघ. एकदा बंद पडली होती तेव्हा ढकलली, तर मलाच घेऊन मागे आली. राहू दे. पुढच्या रविवारी तू गिऱ्हाईक घेऊन ये.”

मामाचा शब्द पक्का असायचा. टिटवीला ते माहीत होतं. त्या संध्याकाळी ती जेवताना एक अक्षर बोलली नाही, तेव्हा तिच्या आईने तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर खाली आली आणि दप्तर पाठीला लावून गाडीवर जाऊन बसली. सिस्टरच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता. मामा आला. त्याने किल्ली काढली, पडद्याकडे पाहिलं, आणि किल्ली हातातच धरून उभा राहिला.

“प्रयत्न तर करू,” तो पुटपुटला. त्याने हँडल धरलं, खांदा पुढे घातला आणि जोर लावला. गाडी खांबांमधून हळूहळू निघाली. चाकं सिमेंटवर चरचरत होती, बाकी काही नाही. वर टिटवी, राणीसारखी बसलेली.

चढ सुरू झाला तशी गाडी थांबली. मामाने दात आवळले. पुढचं चाक वीतभर चढलं आणि परत खाली आलं.

“बघ,” मामा धापा टाकत म्हणाला. “म्हटलं नव्हतं? घट्ट बस. सुरू करतो. सहाच दिवसांचा प्रश्न आहे आता.” त्याने किल्ली लावायला हात पुढे केला.

टिटवी पाय टाकून खाली उतरली. दप्तर काढून तिने सीटवर ठेवलं. मग ती गाडीच्या मागे गेली, दोन्ही तळहात मागच्या मडगार्डला लावले, बूट सिमेंटच्या एका फटीत रोवले आणि डोकं खाली घालून रेटा दिला. चाक वर चढलं. ते मागे येऊ लागलं तेव्हा तिने गुडघा लावून धरलं, श्वास घेतला आणि पुन्हा रेटलं. गेट मागे पडलं. पुढे रस्ता सपाट होता आणि मामाला आता तिची गरज नव्हती, तरीही कोपरा येईपर्यंत तिने हात काढले नाहीत.