प्रभारी पत्त्याचा डूख

मी एक प्रभारी पत्ता आहे. जानेफळच्या सुचिताच्या जुन्या लॅपटॉपात, नेटवर्कच्या खिडकीत, दुसऱ्या पानावर राहतो. पहिल्या पानावर 'आपोआप' नावाचे साहेब असतात. ते कायम. ते आले नाहीत तर मी खुर्चीवर बसायचं. कोणत्याही कचेरीत चौकशी करा, माझ्यासारखे दोन-चार सापडतील. काम यांचं, पाटी दुसऱ्याची.

आमचा धंदा थोडा समजावून सांगतो. वायरीला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता लागतो. त्याशिवाय निरोप जात नाही, येतही नाही. सुचिताच्या घरी इंटरनेटची डबी आहे. लॅपटॉपची वायर तिला लावली की साहेब हात पसरतात, डबी त्या हातावर पत्ता ठेवते, आणि साहेब तो मिरवतात. यात साहेबांचं कर्तृत्व कोणतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

शेतातल्या मोटरच्या खोलीत मात्र पत्ते वाटणारं कुणी नाही. तिथे भिंतीवर ठिबकचा कंट्रोलर आहे. कोणत्या लाइनीला केव्हा आणि किती पाणी सोडायचं, ते तो ठरवून दिल्याप्रमाणे करतो. वेळा बदलायच्या असल्या की लॅपटॉप त्याला जोडावा लागतो. अशा वेळी साहेब मिनिटभर हाका मारतात. कुणी ओ देत नाही. मग ते गुपचूप मागे सरतात आणि मी कामाला लागतो.

मला जन्माला घातलं सुचितानं. ती इंद्रभानांची थोरली सून, बी.एस्सी. झालेली. नवरा भागवत पुण्याकडे नोकरीला. इंद्रभानांनी मिरचीच्या बियाण्यासाठी शेडनेट, म्हणजे जाळीचा मांडव, उभारलं आणि ओट्यावर बसून जाहीर केलं, "हा हंगाम सुचितानं पाहाचा. निभला तं नेट तिच्याच हाती राहीन. नाई निभला तं कुलदीप हायेच."

कुलदीप हा धाकटा मुलगा. बसस्टँडजवळ त्याचं मोबाइलचं दुकान आहे. मोबाइलला काच चिकटवता येते म्हणून त्याला गावात इंजिनियर म्हणतात, आणि तो ते खरं मानतो.

सुचितानं कंट्रोलरचा पत्ता पाहिला. शेवटचा आकडा दहा. मला तिनं वीस दिला. आधीचे सगळे आकडे सारखे, शेवटचा तेवढा वेगळा. एका गल्लीतली शेजारची दोन घरं. पहिल्याच दिवशी मी हाक मारली, दहानं ओ दिली, आणि पहिली लाइन ठिबकायला लागली. सुचिता एकटीच हसली. त्या हसण्यावर मी जन्मभर प्रभारी राहायला तयार होतो.

मग ती मावसबहिणीच्या लग्नाला माहेरी गेली आणि नेमकं ऊन तापलं. पाणी फक्त सकाळचं लावलेलं. आता दुपारीही लागणार होतं. नेटमध्ये बाया हातानं पराग लावून मिरचीच्या कळ्यांचं क्रॉसिंग करत होत्या. दुपारी झाड सुकलं की हातानं फळवलेलं फूल गळतं, आणि फुलाबरोबर हंगाम. इंद्रभानांनी कुलदीपला लॅपटॉप देऊन मोटरच्या खोलीत पाठवलं आणि मागोमाग स्वतःही आले.

त्यानं वायर लावली. साहेब हाका मारायला लागले. आता मिनिटभर थांबायचं, एवढंच काम होतं. पण पानठेल्यावर अर्धा दिवस उभा राहणारा माणूस यंत्रापुढे मिनिटभर उभा राहत नाही. "काऊन बे, मेलं का काय हे?" म्हणत त्यानं वायर उपटली. पुन्हा लावली, पुन्हा उपटली. असं चार वेळा. मग धुंडाळत धुंडाळत तो दुसऱ्या पानावर आला आणि मला पाहून ओरडलाच.

"बाबा, हा पाहा वैनीचा कारभार! भिंतीवरल्या डब्याचा नंबर दहा आन् लॅपटॉपचा वीस. कशी भेट होईन?"

"मंग कसं पाह्यजे?" इंद्रभानांनी विचारलं.

"तुम्ही, मी, भागवतदादा, आपल्या समद्याईचा ग्रामपंचायतीत घर नंबर एकच हाये का नाई? मंग एका कामाच्या दोन मशिनीले दोन नंबर कशाले?"

इंद्रभानांना हे एकदम पटलं. आमच्याकडे ग्रामपंचायतीचा दाखला दिला की वाद तिथेच मिटतो.

कुलदीपनं माझा वीस पुसला आणि त्या जागी दहा लिहिला. म्हणजे जो पत्ता कंट्रोलरचा, तोच आता माझा. आता 'दहाला निरोप दे' असा हुकूम आला की दहा मीच! निरोप लॅपटॉपच्या बाहेर पडेना. मी मलाच हाक मारायचो आणि कंट्रोलर भिंतीवर ढिम्म. 'हा पत्ता आधीच वापरात आहे' अशी सूचना पडद्यावर स्पष्ट आली होती. कुलदीपनं ती न वाचता बाजूला सारली. माणसं सूचना वाचत नाहीत, वाटेतला गोटा लाथेनं उडवावा तशी उडवतात. मग झाकण आपटून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सुचिता परतली. नेटमध्ये कामाला येणारी शालूबाई आणि बाकीच्या सगळ्या बाया जेवायला बसल्या होत्या. त्यांच्यादेखत कुलदीप म्हणाला, "वैनी, मशीन बिघडवून ठेवलं तुम्ही. हे का कणकीचा गोळा हाये, मळला का झालं? सोडा आता नेट माह्यावर."

इंद्रभान मान खाली घालून म्हणाले, "कुलदीप म्हणते तं असन."

बायांचे घास हातातच राहिले. सुचिता खाली पाहत मोटरच्या खोलीकडे वळली. त्या क्षणी मी डूख धरला. माझ्या अंगावर दुसऱ्याचा नंबर लिहिलास, आणि जिनं मला घडवलं तिला चारचौघांत खाली पाहायला लावलंस. थांब. मला हात नाहीत, तोंड नाही. एकच हत्यार आहे: सांगितलं तेवढंच करणं. तू दहा म्हणालास ना? मी दहाच राहीन.

सुचितानं मोटरच्या खोलीत येऊन दुसरं पान उघडलं. दहा पाहिला. कुणाचं काम ते तिला लगेच कळलं. तिचं बोट आकड्यावर गेलं. मी मनात म्हटलं, नको, बाई, इतक्यात नको. बोट थांबलं. तिनं झाकण हळूच लावलं, बाहेर गेली, आणि तिचा आवाज आला, गुळाहून गोड.

"मामाजी, भाऊजी म्हणतात ते बराबर हाये. मशीनच बिघडलं. पण दुपारचं पाणी हातानं सोडाच लागन, नाई तं फुलं जातीन. चाक फिरवून एक वॉल उघडाचा, लाइन भिजली का बंद कराचा, मंग दुसरा. जड काम हाये, माह्याच्यानं होत नाई. मशीन समजते भाऊजीले, तेच करतीन."

"हाव, त्यालेच लाव," इंद्रभान म्हणाले.

कुलदीपला नाही म्हणायला जागाच नव्हती. रोज भर दुपारी दुकानाचं शटर ओढून तो मोटरच्या टिनाच्या खोलीत येऊ लागला. वॉल उघड, उभा राहा, बंद कर, पुढचा उघड. पत्रा तापलेला, लोखंडी चाक तापलेलं. तळहाताला फोड आले. मी समोर फळीवर होतो. एवढी निवांत दुपार मी आयुष्यात अनुभवली नव्हती. मधूनच तो लॅपटॉप उघडायचा आणि तोच दहा पुसून, आणखी जोरात दाबून, पुन्हा दहा लिहायचा. जोर लावल्यानं आकडा बदलत असता तर काय हवं होतं!

शालूबाई हंडा घेऊन दारावरून जाताना विचारायची, "काऊन हो इंजिनियर, आज वॉलले रेंज नाई का?"

"गप राह्य वं शालूबाई!"

"मी कुठी काय म्हणते? ऑटोमेशन लई झ्याक हाये, म्हटलं. उभ्या उभ्या घामेजते."

नेटमध्ये हसण्याची लाट उठायची. सुचिता हसत नसे. ती फुलं तपासत फिरायची. एकही लाइन कोरडी राहिलेली तिनं चालवून घेतली नाही; कुलदीप चाकाला टेकला की बाहेरून आवाज यायचा, "भाऊजी, तिसरी राह्यली."

शेवटी एका दुपारी तो सुजलेले हात घेऊन बाहेर गेला. इंद्रभान बायांना चहा देत होते. "बाबा, मले नाई जमत. नेट वैनीकडंच राहू द्या."

"जरा जोरानं सांगा, भाऊजी," सुचिता म्हणाली. "शालूबाई त्या टोकाले हाये."

तो पुन्हा बोलला, जोरानं. कणकीचं बोलणंही त्यानं मागे घेतलं, कुणी न मागता. इंद्रभानांनी कपबशी खाली ठेवली. "झालं मंग. नेट सुचिताचं. आता यात कोनी नाक खुपसाचं नाई."

सुचिता आत आली. तिनं दहा पुसला, वीस लिहिला, वायर लावली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. साहेबांनी आपलं मिनिट खाल्लं. मग मी हाक मारली, दहानं ओ दिली, दुपारच्या वेळा लागल्या.

दारात कुलदीप. "काय केलं, वैनी?"

"काई नाई. मशीनच बिघडलं होतं. तुम्हीच तं म्हणले."

एवढंच. पुढे एक अक्षर तिनं सांगितलं नाही. शिकवलं असतं तर तो सुधारला असता, असं सज्जन लोक म्हणतील. सज्जनांच्या अंगावर कुणी दुसऱ्याचा नंबर लिहिलेला नसतो.

सध्या माझं बरं चाललंय. मी वीस आहे, दुसऱ्या पानावर आहे, आणि मिरची लाल व्हायला लागली आहे. डोणगावच्या रंगरावांनीही शेडनेट घातलं आणि कंट्रोलर बसवला. 'जानेफळचं मीच सुरू केलं' असं सांगून कुलदीपनं ते काम अंगावर घेतलं, आणि तिथेही 'एक घर, एक नंबर' म्हणत लॅपटॉपला कंट्रोलरचाच पत्ता दिला. रंगराव तापट गृहस्थ. मशीन चालू झाल्याशिवाय घरी जायचं नाही, असं सांगून त्यांनी कुलदीपला वॉलपाशी उभा केलाय.

हे मला कसं कळलं? फळीवर माझ्या शेजारी सुचिताचा फोन आहे. मघा एकदा तिनं उचलला, सगळं ऐकलं, "रेंज नाई, भाऊजी, मंग पाहू," म्हणाली आणि ठेवला. आता तो पुन्हा वाजतोय. सुचिता दारात आलीय, पदरानं हात पुसतेय, फोनकडे पाहतेय.

बाई, एवढं ऐक माझं. उचलशील, सांगशीलही, तुझा स्वभाव मला माहीत आहे. पण आत्ता नको. डोणगावात अजून ऊन उतरलेलं नाही.