डांबरच्या गळ्यातली कोंबडी

आमच्या कुत्र्याने बाबनरावांची कोंबडी मारली. मारली म्हणजे मारली. गावात दारोदार कुत्रे आहेत, पण आजवर एकाही घरच्या कुत्र्याने कोणाची कोंबडी मारलेली नाही, विचारून पाहा. सगळ्या कोंबड्या मुंगसाने नेल्या. मुंगूस बिचारं बोलत नाही, म्हणून त्याच्या नावावर खपतं.

डांबरने ती तांबडी कोंबडी तोंडात धरून आणली आणि अंगणात माझ्या पायाशी ठेवली. शेपूट हलवत उभा राहिला, जसं काही बक्षीस मिळणार होतं. दुपारचे दोन वाजले होते. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कोणी पाहिलं नव्हतं.

माझा नवरा, धम्मानंद, कामठीच्या पॉवरलूमवर रात्रपाळी करून आला होता आणि बाजेवर पडला होता. त्याने एक डोळा उघडला, कोंबडी पाहिली आणि म्हणाला, "पुरून टाक."

खरं सांगते, मी फावडं हातात घेतलं होतं.

कुत्रा गेला तर काय जाईल, हे मला ठाऊक होतं. आमची मोनाली पोलीस भरतीची तयारी करत होती. आठशे मीटर पळायचं, शंभर मीटर पळायचं, गोळा फेकायचा. गोळा ती अंगणात फेकायची, आमच्या कोंबड्या त्याला इतक्या सरावल्या होत्या की गोळा पडला की जिथे माती उकरली जाई तिथे किडे वेचायला धावायच्या. पण पळायला नहराची, म्हणजे कालव्याची, पाळच लागायची, आणि तीही पहाटे पाचला, कारण सातपासून तिला कन्हानला दुकानात कामाला जायचं असे. त्या पाळीवरून रेतीचे ट्रॅक्टर जातात. मागच्या पावसाळ्यानंतर दोन मोटरसायकलवाले तिच्या मागे लागले होते. तीन दिवस ती घराबाहेर पडली नाही. चौथ्या दिवशी डांबरला सोबत नेलं. डांबरने एकाची पँट गुडघ्यापासून खालपर्यंत फाडली. त्यानंतर पाळीवर मोनाली पळते आणि ट्रॅक्टरवाले वाट देतात. तिच्यासोबत पळायला गावात दुसरं कोणी नव्हतं. मी पळून पाहिलं, दोनशे मीटरवर माझा जीव तोंडात आला.

म्हणजे कुत्रा गेला की पळणं गेलं, आणि पळणं गेलं की भरती गेली. भरती सतरा दिवसांवर होती.

मी खड्ड्याची जागा पाहत होते, तेवढ्यात मोनाली कामावरून आली. तिने कोंबडी पाहिली, फावडं पाहिलं, मला पाहिलं.

"कोणाची आहे?"

"बाबनरावांची. तू घरात जा, हातपाय धू."

"आई, तू काय करून राहिली?"

"तुह्यासाठीच करून राहिली."

ती खाली वाकली. कोंबडीचे पाय धरून तिने ती उचलली. "मी पोलिसात जाऊन राहिली ना? मंग पहिला पंचनामा आपल्याच अंगणातून."

"हुशारी नको करू," धम्मानंद बाजेवरून म्हणाला. "त्याले निमित्तच पाहिजे."

"असू दे निमित्त. खोटं बोलून कुत्रा वाचवला तर तो कुत्रा माह्यासोबत कसा पळन?"

या प्रश्नाला काही अर्थ नाही. कुत्र्याला काय कळतं खरं आणि खोटं. पण ती चालायला लागली होती आणि मी फावडं टाकून तिच्या मागे गेले.

बाबनराव कोळसा खाणीतून रिटायर झालेले. त्यांच्या अंगणाला कंपाउंड आहे, फाटक आहे, आणि फाटकात खुर्ची टाकून ते दिवसभर गावाची हजेरी घ्यायला बसतात. पोरीच्या हातात आपली कोंबडी उलटी लटकलेली पाहून ते उठले नाहीत. त्यांनी आधी मला पाहिलं.

"काका, आमच्या डांबरने मारली," मोनाली म्हणाली. "आमची चूक आहे."

भांडण्याची बाबनरावांची तयारी असणार, पण ती आम्ही नाकारल्यावरच्या भांडणाची. कबूल करणाऱ्याशी कसं भांडायचं ते त्यांना सुचेना. मग सुचलं.

"तुमच्या मोहल्ल्यातले कुत्रे असेच. कोणाच्या बंधनात नाहीत."

मोहल्ल्यातले कुत्रे. म्हणजे काय म्हणायचं होतं ते मला कळलं, मोनालीला कळलं आणि आतून पदराला हात पुसत आलेल्या त्यांच्या बायकोला, कुसुमावतीबाईलाही कळलं. माझ्या आजेसासऱ्याने छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात मान खाली घालून बोलायची पद्धत नाही.

"बाबनराव," मी म्हटलं, "कुत्रा एक आहे, मोहल्ला नाही. त्याचं नाव डांबर आहे. बोलायचं तर त्याच्याबद्दल बोला. तुमच्या शेजारच्या कुत्र्याने मागच्या महिन्यात आमची पिल्लं खाल्ली, मी तुमच्या आळीचं नाव काढलं का?"

"मंग रविवारपर्यंत त्याले नदीपलीकडे सोडून या. नाहीतर भाकरीत औषध कसं घालतात ते मले येते."

"घालून पाहा," मी म्हटलं. "मंग मी काय करते तेही पाहा."

"थांबा वं दोघंही," कुसुमावतीबाई म्हणाल्या. त्या मोनालीच्या हातातली कोंबडी चाचपून पाहत होत्या. "चांगली अंड्यावरची होती. मोनाली, तुह्या घरची एक मले दे. मी निवडीन."

"निवडा ना काकू. सगळ्यात चांगली न्या."

"आणि हे पाय बांध अन् कुत्र्याच्या गळ्यात अडकव. हनुवटीखाली, दात पोचले नाही पाहिजे. माहा बाप असंच करे. मेलेली कोंबडी तीन-चार दिवस गळ्यात राहिली, की मंग कुत्रा आयुष्यभर कोंबडीकडे पाहत नाही."

"आणि पाहिलं तर?" बाबनराव म्हणाले.

"रविवारी सकाळी इथं आणते," मोनाली म्हणाली. "तुमच्या अंगणात, तुमच्याच कोंबड्यांत. दोरी नाही, आवाज नाही. त्याने तोंड घातलं तर मी स्वतः त्याले नदीपलीकडे सोडीन."

हे बोलायची काही गरज नव्हती. मी तिच्या पाठीत बुक्की मारली असती, पण आवाज ऐकून लोक जमले होते.

कुसुमावतीबाईंनी संध्याकाळी येऊन आमची काबरी कोंबडी नेली. घरातली सगळ्यात जास्त अंडी देणारी. त्यांची नजर पक्की.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी पहाटे मोनाली पळाली. पुढे ती, मागे डांबर, डांबरच्या गळ्यात सुतळीने बांधलेली तांबडी कोंबडी, पंख प्रत्येक पावलाला उघडत-मिटत. मी पाळीवर मोबाईल घेऊन वेळ मोजायला उभी होते. मार्च लागला होता. गुरुवारी वास यायला लागला, शुक्रवारी माश्या. परत येताना गावातून यावं लागे, आणि विहिरीच्या ओट्यावर, हॉटेलात, पानठेल्यावर लोक वाटच पाहून असत.

"मोनाली, कोंबडीची वरात निघाली का वं?"

"हो काका. या ना, वऱ्हाडी कमी आहेत."

ती हसून बोलायची आणि घरी आल्यावर मोरीत जाऊन बराच वेळ तोंडावर पाणी मारायची. शुक्रवारी डांबर पाचशे मीटरवर बसला. अर्ध्या वाटेत. मान जमिनीला टेकवली आणि उठेना. दोन दिवस त्याने भाकरीला तोंड लावलं नव्हतं. मोनाली पळत पुढे गेली, मग थांबली, मग परत आली आणि त्याच्याजवळ मातीत बसली. त्या दिवशी वेळ मोजलीच नाही.

"कापून टाक सुतळी," मी म्हटलं. "बस झालं."

"रविवारपर्यंत म्हटलं आहे."

"तो मरन."

"मरत नाही. त्याले कळून राहिलं."

एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. कन्हानचा चिकनवाला रविवारी मला मुंडक्या आणि पाय द्यायचा, फुकटच. पळणाऱ्या कुत्र्याला ताकद पाहिजे म्हणून मी आणायची. आधी भातात शिजवून घालायची. मग थंडीत चूल पेटवायचा कंटाळा यायला लागला आणि मी कच्चंच टाकू लागले, पिसांसकट. डांबर लहानपणापासून आमच्या कोंबड्यांत वाढला. पिल्लं त्याच्या पाठीवर चढून बसायची. त्याने कधी मान वळवून पाहिलं नाही. तोंडात पीस आल्यावर खायला मिळतं, हे त्याला मी शिकवलं. आणि आता शिक्षा तो भोगत होता आणि हसं माझ्या पोरीचं होत होतं.

रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही गेलो. मोनालीने आदल्या रात्री सुतळी कापून कोंबडी पुरली होती आणि डांबरला दोनदा साबणाने धुतलं होतं. बाबनरावांच्या कंपाउंडवर माणसं बसली होती, जशी मंडईच्या जत्रेत नाटक पाहायला बसतात. बाबनरावांनी खुर्ची अंगणाच्या मधोमध आणवली होती.

मी आत गेल्या गेल्या बोलले. ठरवून गेले नव्हते.

"आधी एक ऐका. कुत्र्याले चव मी लावली. कच्च्या मुंडक्या घातल्या, पिसांसकट. पोरीची चूक नाही आणि कुत्र्याचीही नाही. आता सोडा कोंबड्या."

मोनालीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं रागावेल. तिने फक्त मान हलवली, जशी ती गोळा उचलायच्या आधी हलवते. आणि डांबरच्या गळ्यातली दोरी काढली.

कुसुमावतीबाईंनी खुराड्याचं दार उघडलं आणि कणी फेकली. कोंबड्या पसरल्या. आमची काबरीही त्यांच्यात होती. डांबरचे कान उभे झाले. त्याचं अंग थरथरलं. एक पाऊल पुढे टाकलं त्याने, मी पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं. कंपाउंडवरून कोणीतरी "झालं" म्हणालं. मोनाली दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी होती. हाक मारायची नाही असं ठरलं होतं आणि तिने मारली नाही.

डांबरने नाक वर केलं, हुंगलं आणि तोंड फिरवलं. जाऊन बाबनरावांच्या खुर्चीखाली बसला. सगळ्या अंगणात त्याला तीच जागा सापडली.

बाबनरावांनी चपलेने एक कोंबडी त्याच्याकडे ढकलली. ती फडफडत त्याच्या पंजाशी गेली. डांबर उठला, खुर्चीखालून निघाला, फाटकातून बाहेर गेला आणि रस्त्यावर आमच्याकडे पाठ करून बसला.

लोक हसले. या वेळी पोरीला नाही.

बाबनराव अजून दुसरी कोंबडी शोधत होते. कुसुमावतीबाईंनी खुराड्याचं दार आपटलं.

"आता काय त्याच्या तोंडात नेऊन घालता का? सोडा ना पोरीले. तिची पळायची वेळ चालली."

"आजचं ठीक आहे," बाबनराव म्हणाले. "उद्याचं कोण सांगे?"

"उद्या मी सांगीन," मोनाली म्हणाली. "आज सांगितलं तसंच. तुमच्या फाटकात येऊन."

गावात असं स्वतःहून येऊन सांगणारं दुसरं कोणी नाही, हे बाबनरावांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

त्या दिवशी दुकानाला सुट्टी होती आणि पळणं राहिलं होतं. ऊन चांगलं वर आलेलं. मोनालीने तिथेच फाटकात वाकून बुटाच्या नाड्या बांधल्या. मी म्हटलं, पाळीवर चल. म्हणाली, "इथूनच. पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन परत आलं की आठशे भरते. मी कधीच मोजून ठेवलं."

आठ महिने ती अंधारात पळाली होती. त्या सकाळी ती भर उन्हात, भर रस्त्याने, ट्रॅक पँट घालून, गावाच्या डोळ्यांसमोरून पळाली. कंपाउंडवरची माणसं मान वळवून पाहत होती. डांबर तिच्या डाव्या बाजूला, आठवड्यात पहिल्यांदा शेपूट वर करून. टाकीजवळ कोणाच्या तरी कोंबड्या रस्त्यात होत्या. तो त्यांना वळसा घालून गेला आणि पुन्हा तिच्या बाजूला लागला.

कुसुमावतीबाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. मोनाली फाटकाशी पोचली तेव्हा मी मोबाईल दाबला.

"किती झालं वं माया?"

"दोन मिनिटं अठ्ठेचाळीस."

"म्हणजे चांगलं आहे का?"

"चांगलं का विचारता? उद्या पाचला या अन् तिच्यासोबत पळून पाहा."

"मी?" त्या म्हणाल्या आणि खुर्चीतल्या नवऱ्याकडे एकदा पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "टाकीपर्यंत चालत आली तर चालन का?"